रापिदोचा अलीकडचा काठ

इटलीत कॅसिनो गावाच्या दक्षिणेला रापिदो नदीचे पात्र जेमतेम २५ ते ५० फूट रुंद आहे. श्रावणात दुथडी भरलेला आपल्याकडचा एखादा ओढा याहून पसरट असतो. पण या अरुंद पात्रात पाणी ९ ते १२ फूट खोल, प्रवाहाला ओढ जबर, आणि दोन्ही काठ पाण्यापासून तीन ते सहा फूट सरळ उभे. पाय टेकत जावे असा उतार या भागात नाही. जानेवारीत ते पाणी गोठायच्या बेताला आलेले असते. तिथले लोक नदीच्या या भागाला गारी म्हणतात, पण अमेरिकन सैनिकांनी तिला रापिदो म्हटले आणि युद्धाच्या इतिहासात तेच नाव राहिले.

२० जानेवारी १९४४च्या रात्री अमेरिकेच्या ३६व्या डिव्हिजनने ही नदी ओलांडायला सुरुवात केली. दोन दिवसांत डिव्हिजनची १,६८१ माणसे गेली: १४३ ठार, ६६३ जखमी, ८७५ बेपत्ता. समोरच्या जर्मन डिव्हिजनचे ६४ ठार आणि १७९ जखमी झाले. नदी ओलांडली गेली नाही. या पराभवाबद्दल सेनापतींना दोष देणारे आणि त्यांचा बचाव करणारे लिखाण भरपूर झाले आहे. मला मात्र त्या हल्ल्याआधीच्या रात्री अधिक महत्त्वाच्या वाटतात. पायदळाच्या लहान लहान गस्ती अंधारात नदीकडे जात होत्या, आणि पुढे जे घडले त्याची बहुतेक कारणे त्यांना आधीच दिसली होती.

सप्टेंबर १९४३मध्ये दोस्त फौजा सालेर्नोला उतरल्या तेव्हा रोम फार लांब नाही असे वाटत होते. हिवाळा आला तेव्हा त्या डोंगर आणि चिखल यांत अडकल्या होत्या. जर्मनांनी इटलीच्या आडव्या अंगावर, समुद्रापासून समुद्रापर्यंत, गुस्ताव फळी उभारली होती. तिच्यातून रोमकडे जाणारी सोपी वाट एकच, लिरी नदीचे खोरे. त्या खोऱ्याच्या तोंडाशी उजव्या हाताला कॅसिनोचा मठ असलेला डोंगर आणि आडवी पडलेली रापिदो. अमेरिकन पाचव्या सैन्याचे प्रमुख जनरल मार्क क्लार्क यांची योजना दुहेरी होती. २२ जानेवारीला अँझिओच्या किनाऱ्यावर, म्हणजे जर्मन फळीच्या पाठीमागे, फौज उतरवायची. आणि त्याच सुमारास रापिदो ओलांडून लिरीच्या खोऱ्यात शिरायचे, म्हणजे जर्मनांचे राखीव सैन्य दक्षिणेकडे ओढले जाईल. अँझिओची जहाजे ठराविक दिवसांपुरतीच मिळणार होती. त्यामुळे रापिदोच्या हल्ल्याची तारीख समुद्राने ठरवली. नदीला कोणी विचारले नाही.

नदीच्या अलीकडे माँते त्रोकिओ नावाचा एकटा डोंगर आहे. तो १५ जानेवारीला अमेरिकनांच्या हाती आला. हल्ला २०ला. म्हणजे काठापर्यंत जाऊन नीट पाहायला पायदळाला मिळाल्या पाच रात्री. कृष्णपक्ष चालू होता, २५ला अमावास्या होती. अंधार गस्तीच्या सोयीचा खरा, पण त्याच अंधारात पायाखालचा सुरुंगही दिसत नाही.

टेहळणीला गेलेल्या पायदळाकडून किती काय काय अपेक्षित असते, हे सांगितले पाहिजे. पात्राची रुंदी आणि खोली हवी. प्रवाहाचा वेग हवा, कारण त्यावरून होडी किती खाली वाहत जाईल ते कळते. काठाची उंची हवी. सहा फूट उभ्या काठावरून साधनसामग्रीसकट होडीत उतरायचे कसे आणि पलीकडे चढायचे कसे, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. काठाची माती भुसभुशीत आहे की घट्ट, रणगाडा पुलापर्यंत पोचेल की रुतून बसेल, हे पायानेच पाहावे लागते. मग शत्रू: तारा किती पदरी आहेत, मशीनगन कुठे आहेत, कोणती मशीनगन कोणत्या वळणावर मारा करते, पहारा कधी बदलतो. यातले बरेचसे डोळ्यांनी मिळत नाही. काळोखात पडून राहून ऐकावे लागते: खोकला, बूट आपटल्याचा आवाज, फावड्याचा खणखणाट, मशीनगनचा पट्टा चढवताना होणारी खटखट. म्हणून गस्तीवर जाणारे तोंडाला काजळी फासतात, लोखंडी टोप मागे ठेवून लोकरीची टोपी घालतात, गळ्यातले बिल्ले वाजू नयेत म्हणून चिकटपट्टीने बांधतात. सहाआठ जण. परत यायचे ते गेल्या वाटेने शक्यतो नाही. आणि या सगळ्यात उत्तम गस्त ती, जिने एकही गोळी झाडली नाही.

हे काम करायला मुरलेली माणसे लागतात. ३६वी डिव्हिजन ही मूळची टेक्सासची नॅशनल गार्ड. एका गावची, एका परगण्यातली मुले एकेका कंपनीत एकत्र होती. डिसेंबरात सान पिएत्रोच्या लढाईत तिची अशी असंख्य जुनी माणसे, विशेषतः सार्जंट आणि कंपनीतले तरुण अधिकारी, मारली गेली किंवा जखमी झाली. त्यांच्या जागी आलेल्या काही नव्या मुलांना आपल्या पथकाच्या नायकाचे नावही धड माहीत नव्हते. रात्री काठावर जाऊन, थंडीत तासभर न हलता पडून राहून, ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावणे हे नव्या भरतीच्या माणसाकडून कसे व्हावे? रापिदोच्या चर्चेत ही गोष्ट जेवढी यायला हवी तेवढी येत नाही असे मला वाटते.

तरीही गस्तींनी काम केले. त्यांनी आणलेली माहिती वाईट होती, पण खरी होती. पलीकडे सांत आंजेलो हे गाव सुमारे ४० फूट उंच कड्यावर बसलेले, आणि त्याच्या दोन्ही अंगांना खंदक, भुयारी ठाणी, मशीनगनची घरटी, त्यांच्यापुढे काटेरी तार. मारा असा आखलेला की एका मशीनगनचा पट्टा दुसरीच्या पट्ट्याला छेदत होता. काठावरची झाडेझुडपे जर्मनांनी तोडून टाकलेली, त्यामुळे आडोसा नाही. अलीकडची जमीन सखल आणि पावसाने भिजून लोण्यासारखी मऊ. त्यावरून ट्रक काठापर्यंत जाणार नव्हते. शिवाय अलीकडच्या काठावरही सुरुंग.

ही शेवटची बाब मला सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकन अभियंते रात्री जाऊन सुरुंग उपसत, मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावत. सुरुंगशोधक यंत्राला धातू कळतो, आणि इटलीत जर्मन लाकडी पेटीतले सुरुंगही पेरत होते. त्यांच्यासाठी गुडघ्यांवर बसून संगिनीच्या टोकाने तिरपी, हळू, एकेक वीत माती टोचत जावे लागे. एवढे करून अभियंते परतले की जर्मन गस्ती नदी ओलांडून इकडे येत आणि साफ केलेल्या जमिनीत नवे सुरुंग पुरून जात. दिवसा त्रोकिओवरून दुर्बीण लावली की नदी अमेरिकनांची दिसे. रात्री अलीकडचा काठ कोणाचाच नसे, आणि म्हणून तो अधिक सरावलेल्या माणसाचा, म्हणजे जर्मनाचा होई.

टेहळणी हा शब्द आपण माहितीशी जोडतो. पण नदीवर टेहळणी म्हणजे ताबा. मोकळी केलेली वाट सकाळपर्यंत आपल्या माणसांच्या नजरेखाली राहिली तरच ती वाट. काठावर रात्रभर आपली माणसे पडून असतील, शत्रूची गस्त पाण्यातून वर येताच अडवली जात असेल, तर नकाशावरची पांढरी रेघ हल्ल्याच्या रात्रीही खरी ठरते. पाच रात्रींत हा ताबा मिळणे अशक्य होते.

या हल्ल्याच्या दोन महिने आधी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, सांग्रो नदीवर, ब्रिटिश आठव्या सैन्याने हे करून दाखवले होते. ७८व्या डिव्हिजनच्या गस्ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून सांग्रो ओलांडून पलीकडच्या सखल पट्टीत हिंडत होत्या, रोज रात्री, टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत. हळूहळू ती पट्टी त्यांची झाली. मग पाऊस आला, सांग्रोला पूर आला, पूल वाहून गेले. आठव्या सैन्याचे प्रमुख माँटगोमेरी यांनी मुख्य हल्ला २० नोव्हेंबरच्या आसपास ठरवला होता, तो आठवडाभर पुढे ढकलला. त्या काळात पलीकडे गेलेल्या बटालियन टिकून राहिल्या, आणि २७च्या रात्री मेजर जनरल डडली रसेल यांच्या ८व्या भारतीय डिव्हिजनने मोझाग्रोन्या गावावर चढाई केली ती पलीकडच्या काठावरूनच. मोझाग्रोन्याची लढाई भयंकर झाली. पण तिथे मरणारा माणूस शत्रूशी लढताना मेला, होडी शोधताना नव्हे. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. सांग्रोच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या ५००हून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे.

माँटगोमेरींना पाऊस थांबेपर्यंत थांबता आले. क्लार्कना थांबता येत नव्हते. त्यांच्यावर रागावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पण जिथे थांबता येत नाही तिथे जागा तरी बदलता येते, आणि ते त्यांनी केले नाही. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल फ्रेड वॉकर यांचा कल कॅसिनोच्या उत्तरेकडे, नदीला उतार आहे तिथे ओलांडण्याकडे होता. तो मानला गेला नाही.

वॉकर यांना या प्रकरणातला सर्वांत दुःखी माणूस म्हणावे लागेल. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८मध्ये, फ्रान्समधल्या मार्न नदीच्या काठावर ते एका बटालियनचे प्रमुख होते. तेव्हा नदी ओलांडणारे जर्मन होते आणि काठ राखणारे वॉकर. होड्यांतून येणाऱ्या जर्मनांचे काय झाले ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल त्यांना मोठे शौर्यपदकही मिळाले होते. पंचवीस वर्षांनी काठ बदलला. मुख्य संरक्षणफळीतच गुंफलेली नदी थेट समोरून ओलांडल्याचे एकही यशस्वी उदाहरण आपल्याला माहीत नाही, अशा अर्थाची नोंद त्यांनी हल्ल्याच्या दिवशी डायरीत केली. वरिष्ठांपुढे मात्र त्यांनी शंका मांडली ती मोघम. ठाम नकार दिला नाही. गस्तीने आणलेले सत्य त्यांच्या डायरीपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले.

हल्ल्याच्या आदल्या रात्री आणखी एक आधार गेला. डावीकडून ब्रिटिश ४६वी डिव्हिजन ओलांडणार होती. जर्मनांनी वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले, पाण्याचा लोंढा आला, होड्या वाहून गेल्या, प्रयत्न सोडावा लागला. ३६व्या डिव्हिजनची डावी बाजू उघडी पडली. त्याआधी १७ जानेवारीला खालच्या गारिल्यानोवर ब्रिटिशांनी मारलेल्या धडकेने जर्मनांचे राखीव सैन्य रोमकडून दक्षिणेला निघालेही होते. म्हणजे रापिदोच्या हल्ल्याचा एक मुख्य हेतू हल्ल्याआधीच साधला गेला होता. तरी हल्ला झाला.

त्या रात्री दाट धुके पडले. साडेसातला तोफा सुरू झाल्या, आठला पायदळ पुढे निघाले. १४१वी रेजिमेंट सांत आंजेलोच्या उत्तरेला, १४३वी दक्षिणेला. लाकडी होडी ४१० पौंडांची. ट्रक पुढे जाऊ शकत नव्हते म्हणून ती मैलभर चिखलातून खांद्यावर न्यायची. जर्मन तोफगोळ्यांनी वाटेतच कित्येक होड्या फोडल्या, रबरी होड्यांची चाळण केली. पांढऱ्या फिती चिखलात तुडवल्या गेल्या, गोळ्यांनी तुटल्या. वाटाडे स्वतःच चुकले. फीत दिसेनाशी झाल्यावर माणसे वाट सोडून दोन पावले बाजूला गेली आणि सुरुंगावर पडली. होडी खांद्यावर घेतलेल्या बारा जणांत एकाचा पाय सुरुंगावर पडला तर बाराही जण आणि होडी जाते. १४३व्या रेजिमेंटच्या एका बटालियनला त्या रात्री ओलांडता आलेच नाही. सुरुंगांच्या पट्ट्यात ती वाट चुकली. शत्रूची गोळी लागायच्या आत, अलीकडच्या काठावर, हल्ला मोडला.

थोडे लोक पार गेले. मागे पूल नाही, रणगाडे नाहीत, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. दक्षिणेकडचे पहाटेनंतर परत आणले गेले. २१ला दुपारी धुराच्या पडद्याआड पुन्हा प्रयत्न झाला, या वेळी अधिक बटालियन पार गेल्या, पण जड पूल काही उभारता आला नाही. २२ला १४३वीचे लोक परत आले. १४१वीचे पलीकडेच अडकले, आणि संध्याकाळपर्यंत तिकडून येणारा अमेरिकन बंदुकांचा आवाज बंद झाला. सुमारे चाळीस जण पोहून परतले. जर्मन बाजूला या लढाईची नोंद आपण शत्रूच्या हल्ला करणाऱ्या काही तुकड्या परतवल्या एवढीच झाली. समोर एक अख्खी डिव्हिजन नदी ओलांडू पाहत होती हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. हे वाचून मला नेहमी वाईट वाटते. २५ला दोन्ही बाजूंनी काही तासांचा युद्धविराम करून मृतदेह उचलले.

दरम्यान २४ जानेवारीला ३४व्या डिव्हिजनने कॅसिनोच्या उत्तरेला रापिदो गाठली. तिथे जर्मनांनी पाणी वळवून शेते बुडवली होती, तरी पात्र उथळ होते. रणगाड्यांना वाट करून देता देता दोनतीन दिवस गेले, पण पलीकडे पाय रोवला गेला. वॉकर यांच्या मनातली जागा याच बाजूची.

युद्ध संपल्यावर, १९४६च्या जानेवारीत, डिव्हिजनच्या माजी सैनिकांनी टेक्सासमधल्या ब्राउनवुड इथे ठराव करून अमेरिकन काँग्रेसकडे चौकशी मागितली. चौकशी झाली. युद्धमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांनी हल्ला आवश्यक होता असे म्हणून क्लार्क यांची बाजू घेतली. अँझिओचा विचार केला तर हल्ला आवश्यक होता हे मीही एक वेळ मान्य करीन. या जागी, या पाच रात्रींच्या तयारीवर, तो आवश्यक होता हे मात्र मला पटत नाही.

याच जागेवर, याच सांत आंजेलोसमोर, मे महिन्यात ८वी भारतीय डिव्हिजन उभी राहिली. सांग्रोवर शिकलेली. या वेळी तयारीला आठवडे मिळाले. गस्तींनी काठ अनेक रात्री पुन्हा पुन्हा पाहिला, होड्या वाहून नेण्याचा, काठ उतरण्याचा आणि बेली पूल जोडण्याचा सराव झाला, होड्या आणि पुलाचे सुटे भाग काळोखात आणून झाकून ठेवले गेले. ११ मेला रात्री ११ वाजता दीड हजारांहून अधिक तोफा एकदम सुरू झाल्या. सगळे सुरळीत झाले असे नाही. धुके आणि धूर एवढा दाटला की पलीकडे पोचलेल्यांनाही दिशा कळेना, होड्या वाहून गेल्या, माणसे खूप मेली. पण अलीकडचा काठ या वेळी आपला होता, म्हणून पूल बांधता आले. सकाळी ऑक्सफर्ड नावाचा पूल खुला झाला. प्लिमथ हा दुसरा पूल तर आख्खा जोडून एका शर्मन रणगाड्याच्या पाठीवर लादून पात्रावर आणला गेला. ती कल्पना कॅप्टन टोनी किंग्समिल यांची. त्यावरून कॅनडाचे रणगाडे पलीकडे गेले. जानेवारीत या जागी पलीकडे एकही रणगाडा पोचला नव्हता. १२ मेला ८व्या पंजाब रेजिमेंटच्या १९ वर्षांच्या शिपाई कमल राम याने एकामागून एक मशीनगन ठाणी निकामी केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १३ला गुरख्यांनी रणगाड्यांच्या साथीने सांत आंजेलो घेतले.

या डिव्हिजनचा पुढचा हिवाळा आणखी उत्तरेला गेला. १९४५च्या सुरुवातीला ती सेनिओ नदीवर होती. सेनिओचे पूरबांध घरांएवढे उंच, आणि जर्मनांनी ते आतून पोखरून त्यांत ठाणी केलेली. काही ठिकाणी तर अलीकडच्या बांधाच्या नदीकडच्या उतारावर जर्मन आणि इकडच्या उतारावर आपले, मध्ये फक्त बांधाचा माथा. अलीकडचा काठ कोणाचा हा प्रश्न तिथे दर रात्री हातबाँबने सोडवला जात होता. ९ एप्रिलच्या संध्याकाळी हल्ला झाला तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, आपल्या कंपनी कमांडरबरोबर निरोप्या म्हणून नदीत उतरला. पलीकडे पोचताच तीन मशीनगननी त्यांना घेरले. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे मेले. नामदेवने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे सुरक्षित आणले. मग तो परत गेला. पहिली मशीनगन त्याने टॉमीगनने बंद केली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि हातबाँबनी उरलेल्या दोन मशीनगन बंद केल्या. त्यानंतर बांधाच्या माथ्यावर उभा राहून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्याच दिवशी त्याच नदीवर केलेल्या कामगिरीबद्दल त्याच डिव्हिजनच्या शिपाई अली हैदर यालाही. त्या रात्री सेनिओ ओलांडली गेली.